तांब्याभर दूध

प्रिय अक्का,

आबांचं पत्र आलं, म्हणून लिहायला बसलो. तू जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज सकाळपासून तीन कागद फाडले. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. तसं तू मला नेहमीच सांभाळून घेतलंस. तिथंच तर सगळं बिघडलं ना?

आबांनी पत्र शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. तुझा पिंटू आता नऊ वर्षांचा झाला. दाजींनी दुसरं लग्न केल्यापासून दोन्ही पोरं आपल्याकडेच आहेत, ते तुला कुठं माहीत? परवा तालमीच्या वस्तादांनी पिंटूचं मनगट दाबून बघितलं आणि म्हणाले, मामाचं हाड आलंय. झालं! आबांनी नवी म्हैस आणली. मला लिहितात, बदामाचं तू बघ. आणि त्याच्याखाली, अगदी सहज लिहिल्यासारखं:

"सोनीला शाळेतून काढली. मायला आता नीट दिसत नाही, म्हशीचं सगळं सोनीच बघते. पोरगी मोठी समजदार. पिंटू दूध पितो तेव्हा सांगावं लागत नाही, आपणच तोंड फिरवते."

अक्का, मी ते पत्र खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. इथं कांडल्याच्या बंदरात मी पोती वाहतो. त्या दिवशी माझ्या पाठीवरून गव्हाचं पोतं सुटलं आणि धक्क्यावर फुटलं. मुकादम ओरडत होता आणि मला गहू दिसत नव्हता. मला आपल्या घराची मागची भिंत दिसत होती.

तुला आठवते ती भिंत? तुला नाही आठवणार तर कुणाला आठवेल! तूच रोज बघायचीस.

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा पिंपळनेरच्या यात्रेत नारळाच्या बक्षिसाची कुस्ती मारली. वस्तादांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, पोऱ्यानं हाड मोठं शे. खुराक दे त्याले. नाव काढी हाऊ!" त्या एका वाक्यानं तुझी शाळा सुटली. तोवर दूध डेअरीला जायचं, त्या दिवसापासून माझ्या पोटात जायला लागलं. म्हैस तुझ्या गळ्यात पडली. चारा तू, शेण तू, धार तू. पाट्यावर बदाम वाटायचे तेही तूच. मग माझ्यापुढं तांब्या ठेवायचा आणि मायचा आवाज यायचा, "मंगले, तोंड फिराव! नजर लागी जाई."

पहिलवानाच्या दुधावर दुसऱ्याची नजर पडू नये, अशी रीत. उपाशी माणसाची तर नकोच नको. म्हणजे तू उपाशी असतेस हे घरात सगळ्यांना माहीत होतं! तेव्हा मला हे कळलं नाही. आता रोज कळतं.

तू मात्र हसायचीस. "माय, मन्ही नजर लागी, आन् म्हैस दखी तं चाली ना? तिनंच दूध शे!" माय लाटणं घेऊन उठायची. तू भिंतीकडे वळून पदर तोंडाला लावायचीस, तुझे खांदे हसण्यानं हलायचे. "पी रे पहिलवान, पी. मी भितले दखस."

मी प्यायचो. घटाघटा. खाली साय राहिली तर बोटानं पुसून खायचो. एकदाही म्हणालो नाही, अक्का, एक घोट घे. एकदा तरी म्हणायला हवं होतं ना गं?

आता सांगतो तुला एक. डोळे मिटून तुझा चेहरा आठवायला गेलो की चेहरा येत नाही, पाठ येते. वेणी येते, झिजलेल्या पोलक्याची शिवण येते. हॉटेलात चहा मागवला की समोरचा माणूस आता तोंड फिरवेल असं वाटतं, आणि मी उठून जातो. सुरत सोडली, वापी सोडली, इथं आलो. जिथं जातो तिथं एक भिंत असते आणि तिच्याकडे तोंड करून कुणीतरी उभं असतं. इथले हमाल माझी थट्टा करतात, "अरे पहिलवान, बिना दूध की चाय? दूध से डर लगता है क्या?" मी हसतो. खरं काय सांगू त्यांना?

पण खरं तुलाही सांगितलं नाही मी. त्यासाठीच हा कागद.

पिंटूच्या वेळी तू बोदवडहून बाळंतपणाला आलीस. दोन वर्षांची सोनी कडेवर, अंग पिवळं. डॉक्टर मायला म्हणाले, हिच्या अंगात रक्त नाही, खायला-प्यायला घाला. नेमकी तेव्हा म्हैस आटत आलेली. सकाळी एक तांब्या निघायचा. आणि नेमकी तेव्हाच माझी धुळ्याला जिल्ह्याची निवड.

निवडीच्या दिवशी सकाळी मायनं तो तांब्या चुलीपुढं ठेवला आणि कुणाचंच नाव घेतलं नाही. आठवतं? तू होतीस, मी होतो, मध्ये तांब्या. आबा दारात चपला घालत होते. मग तूच पायानं तांब्या माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "माले नको. दूधना वास येस माले."

मला माहीत होतं तू खोटं बोलतेस. आदल्या दिवशीच तुला सोनीच्या वाटीचा तळ चाटताना पाहिलं होतं. तरी मी तांब्या उचलला. आणि तू, आठ-नऊ महिन्यांचं पोट सांभाळत, एका हातानं भिंतीला धरून, वळलीस. त्या दिवशी मायनं सांगितलंही नव्हतं!

वस्तादांनी बजावलं होतं, जाताना पोटभर पिऊन जा, रिकाम्या पोटी कुस्ती होत नाही. बिचारे वस्ताद! त्यांचा जन्म मातीत गेला. मातीत कोण वजन करतं? जोड बघायची, हाताला हात लावायचा. धुळ्याला मात्र वजनाचे गट होते. बाजारात धान्याच्या काट्यावर मला उभं करून, महिन्यापूर्वीच वस्तादांनी त्या वजनाच्या गटाचा फॉर्म भरून टाकला होता.

एसटीतून उतरून मी थेट मैदानावर गेलो. साहेबांनी काट्यावर उभं केलं.

"कपडे काढ."

"काढलेत साहेब. लंगोटच राहिलाय."

"मग आता काय कातडं काढतोस? काटा पुढं जातोय रे. जा, पळून ये. घाम काढ."

भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या, अक्का. थुंकलो, ओकायला बघितलं. परत काट्यावर चढलो. साहेब वाकून बघत राहिले. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तांब्याभर पाण्याइतकं जास्त आहे बघ. पण जास्त ते जास्त. पुढच्या वर्षी ये."

तांब्याभर! त्याला काय ठाऊक होतं कुठल्या तांब्याबद्दल बोलतोय तो?

मी कुस्ती खेळलोच नाही. माझा हातसुद्धा कुणाच्या हाताला लागला नाही. दोन दिवस धुळ्याच्या स्टँडवर बसून राहिलो, घरी यायचं तोंड नव्हतं. तिकडे तू पिंटूला जन्म दिलास आणि तुझं रक्त थांबेना.

मी आलो तेव्हा तू गोधडीखाली होतीस. ओठ कागदासारखे. मला बघून डोळे उघडलेस. "भाऊ, जिकना का?"

मी म्हणालो, "हो."

केवढी हसलीस! मायला म्हणालीस, "दखं? मी सांगं ना?" भेटायला येईल त्या बाईला सांगायचीस, मन्हा भाऊ जिल्हा जिकना. आबांनी गूळ वाटला. मी कोपऱ्यात उभा राहून तो गूळ खाल्ला. पिंटूची पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तो एक तांब्या तुझ्या पोटात गेला असता तर तू वाचली असतीस का? एका तांब्यानं काय होतं, मी स्वतःला शंभरदा समजावलंय. पण तो एक नव्हताच ना. बारा वर्षांचा होतो तेव्हापासूनचा रोजचा तांब्या होता. मोजायला बसलो तर कुठं थांबू? तूही मला एकदा तरी अडवायचं होतंस. एकदा तरी म्हणायचं होतंस, भाऊ, आज मी पिते. का नाही म्हणालीस? रागावलोय मी तुझ्यावर. थोडासा. तेवढं चालवून घे.

तुझं तेराव्याचं पाणी झालं आणि मी पळालो. आबांना अजून वाटतं, बहिणीच्या दुःखानं पोरानं कुस्ती सोडली, नाहीतर जिल्ह्याचा पहिलवान होता तो. म्हणून तर ते पिंटूला घडवायला निघालेत. माझ्या एका "हो"वर ती नवी म्हैस उभी आहे, अक्का. माझ्याच "हो"वर सोनीची शाळा सुटली.

बदाम पाठवणार नाही. मीच निघालोय. मुकादमाला सांगून झालंय, उद्या सकाळची गाडी आहे. आबांना समोर बसवून धुळ्याच्या काट्याचं सगळं सांगेन. मारतील तर मारू देत, अंगात ताकद आहे माझ्या, तुझीच. पिंटूला कुस्ती आवडत असेल तर खेळू दे बापडा, घरात शिजेल ते सगळ्यांबरोबर खाऊन खेळू दे. म्हशीचं मी बघेन. धार काढायला शिकेन. सोनीला माझ्या हातानं शाळेत नेऊन सोडेन.

पण त्याआधी, पोचल्या दिवशीच, तिला भिंतीपासून वळवून माझ्यासमोर बसवेन. पहिला तांब्या तिच्या हातात देईन आणि ती पिते ते बघत राहीन. शेवटच्या घोटापर्यंत बघेन. माझी नजर लागत नाही, तुझी कधी लागली नाही तशी.

हा शब्द देतो तुला. यावेळचा "हो" खरा आहे.

आता तरी वळ ना, अक्का. इकडं बघ.

तुझा, कुस्ती न खेळताच जिंकलेला भाऊ,
भटू