लिओनहार्टच्या खुर्चीत कोण

१५ एप्रिल, रविवार

कास्पर चर्चच्या पायरीवर थांबला होता. टोपी हातात. म्हणाला, चल खानावळीत. मी म्हटलं, घरी काम पडलंय. काम काही नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

गेले.

शेगडीजवळच्या त्या गोल टेबलाशी मी आजवर कधी गेले नव्हते. ते लिओनहार्टचं. लग्न झाल्यापासून दर रविवारी प्रार्थना संपली की तो तिकडे आणि मी घराकडे. दुपारच्या घंटेला परत यायचा तेव्हा मिशीला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास. आधी तोंड धू, म्हणायचे मी. मी माइन नदीकाठची, द्राक्षमळ्यातली. आमच्याकडे वाइन. गव्हाची बिअर म्हणजे मला नुसता तो वास.

आता टेबलाशी तिघे उरलेत. कास्पर गिरणीवाला, बेन्नो चर्चची घंटा वाजवणारा, आणि एमेराम, जो पूर्वी टपाल वाटायचा. चौथी खुर्ची टेबलाला टेकवून पुढे कलती ठेवलेली. गेलेल्याची खुर्ची अशीच ठेवतात इथे. मला त्यांनी बाजूला एक स्टूल दिलं. खानावळवाल्या अफ्राने न विचारता पेला आणून ठेवला. बिअर तिचीच, मागच्या अंगणात बनवलेली. गढूळ, सोनेरी, वर चार बोटं फेस.

पेला नाकाशी नेला – आणि लिओनहार्ट! अगदी तसाच, दारातून आत आल्यासारखा.

घाईने प्यायले. डोळ्यांत पाणी आलं. कुणी बघितलं नाही. बेन्नो खिडकीकडे बघत म्हणाला, की फेस कधी कधी डोळ्यांतही जातो.

२२ एप्रिल

आज परत गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

६ मे, रविवार

ओतायला शिकले. एमेराम गुरुजी. पेला आधी गार पाण्याने विसळायचा. तिरका धरायचा. बाटली हळू, अगदी हळू. तळाशी थोडी राखायची, बाटली टेबलावर आडवी लोळवायची, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट सुटतं. मग ते गढूळ शेवटचं वरून सोडायचं. चव सगळी त्यात.

माझा फेस उतू गेला. थेट कास्परच्या मांडीवर. तो म्हणाला, लिओनहार्टला एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते हिने एका बाटलीत केलं.

नंतर त्याने खुर्चीचा विषय काढला. ऑक्टोबरात चर्चची जत्रा. तोवर खुर्ची भरायला हवी, कलती खुर्ची हिवाळ्यात न्यायची नाही असा टेबलाचा नियम. तुला कुणी सुचतं का, विचारलं त्याने.

मला तिथे कुणीच नकोय.

२७ मे, रविवार

वेंडेलला ती खुर्ची हवी आहे. साऱ्या गावाला माहीत आहे. अफ्राचा जावई. अमेरिकेतून, ओरेगनहून आला, सहा वर्षं झाली. सासूच्याच अंगणात, मागच्या शेडमध्ये त्याची वेगळी गव्हाची बिअर बनते – त्यांच्याकडची. रविवारी तो गल्ल्याजवळ उभ्याने पितो आणि टेबलावरचे टोमणे झेलतो.

आज कास्परने सुरुवात केली. ‘‘काय रे अमेरिक्या, तुमच्याकडे बिअरमध्ये लिंबू टाकतात की लिंबात बिअर?’’

‘‘तुमच्या बिअरमध्ये केळं चालतं ना, कास्परकाका?’’

‘‘आम्ही टाकत नाही. यीस्टमधून आपोआप येतं.’’

‘‘मग माझं संत्रंही हॉप्सच्या फुलांतून आपोआपच येतं.’’

एमेराम इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मग वेंडेल एक पेला माझ्यासाठी घेऊन आला. मी उचलला आणि त्याच्या पेल्याच्या काठाला काठ लावला, वाइनला लावतात तसा. त्यानेही तस्साच पुढे केला. सगळं टेबल कण्हलं! गव्हाच्या बिअरचा पेला खाली जाड, वर पातळ. बुडाला बूड लावायचं असतं – शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा सहा वर्षं इथे राहून विसरला.

बेन्नो म्हणाला, ‘‘दोन परके एकदम.’’

मी हसले. मोठ्याने. फेब्रुवारीत लिओनहार्ट गेला, त्यानंतर पहिल्यांदा. घरी येताना आपण हसलो याचंच नवल वाटत राहिलं.

२८ मे

त्याच्या बिअरबद्दल काल लिहिलं नाही. रंगाने फिकी, गढूळपणा कमी. आधी ताज्या पावाची गोडी, मग संत्र्याच्या सालीचा वास, आणि जिभेच्या मागे थोडा कडूपणा, पाइनच्या रानासारखा. लवंग नाही. केळं नाही. लिओनहार्ट नाही.

अर्धा पेला ठेवून उठले. बिअर चांगली होती. राग त्याचाच आला.

८ जुलै, रविवार

ऊन कडक. टेबल अंगणात चेस्टनटच्या झाडाखाली नेलं. पांढरे सॉसेज, गोड मोहरी, गरम ब्रेझेल, पिळाचे खारे पाव. दुपारच्या घंटेआधी सॉसेज संपवायचे, हा इथला धर्म. घंटा बेन्नोच्या हाती, म्हणून सगळे त्याला हळू जेवायला सांगत होते. तो मुद्दाम भराभर खात होता.

माझा फेस आज उभा राहिला! चार बोटं, गोल, एक थेंब सांडला नाही. कास्परने टोपी काढली. भूमापन कचेरीत मी जन्मभर नोकरी केली, पण एवढा मान कधी मिळाला नव्हता.

१९ ऑगस्ट, रविवार

वेंडेल चालेल, पण त्याची बिअर नको – यावर तोड निघाली, असं टेबलाला वाटतंय. वेंडेलने अफ्राचं यीस्ट घ्यायचं, इथल्या रीतीची एक बिअर बनवायची – लवंग, केळं, सगळं – आणि जत्रेला आणायची. बिअर पास, तर खुर्ची त्याची. अफ्रा यीस्ट द्यायला तयार. कास्पर माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे त्या जागी वास तरी लिओनहार्टचाच राहील.

चांगल्या मनाने म्हणाला. वेंडेल आपला पेला घेऊन गल्ल्याकडे गेला.

पण घरी येईपर्यंत आत काहीतरी टोचत होतं.

२३ ऑगस्ट

संध्याकाळी वेंडेल आला. कुंपणापाशीच उभा. मी टोमॅटो काढत होते. आत ये म्हटलं, आला नाही.

म्हणाला, ‘‘बाई, तशी बिअर मला बनवता येते. सासूबाईंच्या हाताखाली कितीदा बनवलीय. पण ती घेऊन बसलो तर तिथे मी नसेन. लिओनहार्टकाकांची नक्कल बसलेली असेल. तुम्हाला ते बघवेल?’’

मी विचारलं, तुला तीच खुर्ची कशाला रे? गल्ल्याजवळ काय वाईट आहे?

मग त्याने सांगितलं. तो आला त्या पहिल्या हिवाळ्यात त्याला इथली भाषा येत नव्हती. एकटा उभा असायचा. लिओनहार्ट टेबलावरून आपला पेला उचलायचा आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा. घंटा होईपर्यंत. बोलायचा नाही. अख्खा हिवाळा, दर रविवारी.

मला हे माहीत नव्हतं. घरी कधी बोलला नाही तो.

वेंडेल म्हणाला, मी बसलेलं नको असेल तर तसं सांगा, वाईट वाटणार नाही. मी टोमॅटोची टोपलीच त्याच्या हातात दिली.

१६ सप्टेंबर

आज दोन्ही पेले शेजारी शेजारी मागवले. एक घोट अफ्राची, एक घोट वेंडेलची. कास्परने तोंड वाकडं केलं.

कितीतरी वेळ पीत बसले. गहू तोच. अफ्राची जाड, मऊ, नाकात शिरून ठाण मांडणारी. वेंडेलची हलकी, कोरडी, येते आणि जाते, आणि गेल्यावर आणखी एक घोट मागते. एमेरामने विचारलं, काय गं, फरक काय? मी म्हटलं, ही मिशीवाली, ही दाढी केलेली.

बेन्नोला ठसका लागला.

वेंडेलचा पेला आज पूर्ण संपवला. लिओनहार्ट त्यात नव्हता, आणि तरी मला ती आवडली. हे लिहायला सोपं नाही. पण आवडली.

७ ऑक्टोबर, रविवार

मी बोलले. कधी नाही ते सगळ्यांसमोर.

म्हटलं, ‘‘त्याला त्याचीच बिअर आणू द्या. त्या खुर्चीत लिओनहार्टसारखं कुणी मला नकोय. लिओनहार्ट एक होता, पुरे.’’

अफ्राचा पेला पुसता हात थांबला. मग कास्पर म्हणाला, ‘‘टेबलाचं काय ते टेबलवाले ठरवतील, एर्ना.’’

बरोबरच आहे त्याचं. मी कोण? गेलेल्याची बायको. सहा महिने दया म्हणून बसवून घेतलं, त्यात मी कायदे सांगायला लागले. घंटेआधीच उठले. एमेराम काही बोलणार होता, मी थांबले नाही.

१४ ऑक्टोबर

गेले नाही. घरी सूप केलं. उरलं.

२१ ऑक्टोबर, जत्रेचा रविवार

एमेराम न्यायला आला. दार वाजवत राहिला, मी कोट घालेपर्यंत.

खुर्ची सरळ करून ठेवली होती. मागे वेंडेल उभा, हातात त्याचीच फिकी बिअर. रीत अशी, की टेबलावरच्या सगळ्यांचे हात वर गेले पाहिजेत. एक कमी, तर नाही. एमेरामचा गेला. बेन्नोचा गेला. कास्परने वेंडेलच्या पेल्यातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि त्याचाही गेला. मी दाराशी उभी. झालं, मनात म्हटलं, तिघेही तयार. पण कुणी हात खाली घेईना. वेंडेल बसेना.

कास्परने माझ्याकडे बघितलं.

‘‘अगं एर्ना, माझा खांदा दुखतोय. टेबलवाले चार आहेत.’’

मी हात वर केला.