बाटलीवरचा तुमचा फोटो

बाबा, या वर्षी जांभळं उतरवायला कोणी नव्हतं. बोडीच्या पाळीवरची अकराही झाडं लगडली होती, आणि आई म्हणाली, "पडू दे, पाखरं खातील." मी चार दिवसांची रजा काढून गावी, कामठ्याला आले होते. झाडांखालची माती निळी-काळी झाली होती, चपला चिकटत होत्या, आणि पडून फुटलेल्या फळांचा तो आंबूस वास नाकात शिरला तसं माझं पाऊल पुढे पडेना. त्याच वासावर मी इतकी वर्षं पगार घेतला. तुम्हाला ते फार उशिरा कळलं, आणि तेही पूर्ण कळलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता पाच वर्षं होतील.

ही झाडं तुम्ही वाढवली त्याला गावात सगळे हसत. बोडी म्हणजे आपल्या शेतातलं एवढंसं तळं, तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कोणी बाभळी ठेवतं, कोणी काहीच नाही. तुम्ही जांभळं लावली आणि त्यांच्या जवळ कधी औषधाचा पंप येऊ दिला नाही. शेण, गोमूत्र, कडुलिंबाचा पाला, बस. शेजारच्या धुऱ्यावरून हाक यायची, "दादा, सगळे युरिया टाकून राहिले अन् तुमी अजून शेणच कालवता!" तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "मी खातो ना ते फळ. मले का जहर खायचं हाय?" उतरवायच्या दिवशी तुम्ही वर चढता, खाली आई, मी आणि शेजारच्या दोघी जुनं लुगडं ताणून उभ्या असतो, तुम्ही फांदी हलवता. "हात लावू नका कोणी. हातानं दुखते ते." मग पळसाची पानं अंथरलेल्या टोपल्या, आणि दुपार व्हायच्या आत गोंदियाचा बाजार. तुमच्या तळहाताची रेघन् रेघ निळी असायची आणि ती पुढे आठ दिवस जात नसे.

रविवारी तेच निळे हात जोडून तुम्ही विहारात पुढे बसायचे. पांढरा सदरा, पांढरं धोतर. तुम्ही एकेक शील म्हणायचे आणि मागे सगळी वस्ती. पाचव्याला, दारू आणि नशेपासून लांब राहायच्या शीलाला, तुमचा आवाज जरा चढायचा. ते का, हे मला माहीत होतं. तुमचे मोठे भाऊ पिऊन धानाच्या बांधीतल्या वीतभर पाण्यात पालथे पडले आणि उठलेच नाहीत. त्यांना उचलून तुम्हीच घरी आणलं होतं. त्यानंतर वस्तीतली किती माणसं तुम्ही सोडवली! दाराशी जाऊन बसायचे, भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. शेवटी तो माणूस लाजून बाहेर यायचा.

आणि अशा घरातून मी नाशिकला गेले. नव्याण्णव साली बारावी झाले, मग नागपूरला फळांवर प्रक्रिया करण्याचं शिक्षण घेतलं, तुम्ही त्यासाठी बैलजोडी विकलीत. नोकरी लागली ती वाईनच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. घरी फोन केला तेव्हा वाईन हा शब्द तोंडातून निघेना. मी म्हणाले, "बाबा, रसाची कंपनी आहे." तुम्ही इतके खूश झालात की त्याच संध्याकाळी अर्ध्या गावाला सांगून आलात. पुढच्या खेपेला खरं सांगू, असं मी ठरवलं. मग त्याच्या पुढच्या खेपेला. अशी सात वर्षं गेली.

आमच्याकडे पाहुण्यांना वाईन चाखवायच्या खोलीत द्राक्षवाल्यांचे फोटो लावलेले असायचे. फेटेवाले, टोपीवाले, आपापल्या मांडवाखाली उभे. विषारी फवारणी न करणारे दोघे-तिघे होते, त्यांचे फोटो सगळ्यात मोठे. पाहुणे विचारायचे, हे कोण, मग मालक त्या माणसाची सगळी गोष्ट सांगायचे. मी रोज त्या भिंतीसमोरून जायची आणि मला वाटायचं, माझा बाप यांच्यापेक्षा कुठे कमी आहे? म्हणून मालक जेव्हा म्हणाले की जांभळाची करून पाहू, कुठे बिनऔषधाची मिळतील का, तेव्हा मी विचारही केला नाही. म्हणाले, "मिळतील. आमच्या घरी."

रसासाठी हवीत असं मी सांगितलं, आणि तुम्ही स्वतः आणलीत. टोपल्या कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हता. गोंदियाहून नाशिक, सगळी वाट टोपल्यांना टेकून. सकाळी स्टेशनवर मी गाडी घेऊन आले तर तुम्ही फलाटावर टोपल्यांवर ओला पंचा टाकून उभे. आईने दिलेला मुरमुऱ्याच्या लाडवांचा डबा माझ्या हातात ठेवून म्हणालात, "आलोच हावो तं तुही कंपनी पाहून जातो."

"बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, बाबा."

"मी बाहेरचा?" तुम्ही हसलात. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणालात, "बरं. नियम हाय तं हाय." चहा घेतलात आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेलात. चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून आलेल्या बापाला मी स्टेशनाबाहेरही नेलं नाही.

त्या जांभळांनी आम्हा सगळ्यांना चकित केलं. टाकीत यीस्ट टाकायच्या आधीच रस आपोआप उकळ्या फुटल्यासारखा फसफसू लागला. औषध न लागलेल्या सालीवर निसर्गाचं स्वतःचं विरजण असतं, ते तुमच्या फळांवर शाबूत होतं. मालक म्हणाले, "अशी चव परत होणार नाही. यावर त्या शेतकऱ्याचं नाव-गाव पाहिजे." फोटो मागितला. माझ्याकडे होता, आदल्या उन्हाळ्यात मी काढलेला. तुम्ही झाडाला हात लावून उभे, पांढरा सदरा, हसताय. तो मी दिला, बाबा. मालकांनी मला न विचारता छापला, असं मी नंतर सांगितलं ते खोटं होतं. मी दिला, आणि खाली काय लिहायचं तेही मीच लिहून दिलं.

बाटली घरी आली ती तुम्हीच दारूतून सोडवलेल्या माणसाच्या हातून. त्याच्या जावयाला नागपूरच्या दुकानात दिसली होती. आई सांगते, त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, चारचौघांत काढली नाही, घरात येऊन दार लोटलं आणि म्हणाला, "दादा, हे तुमीच ना?" तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहत होता. मग आईला म्हणालात, "फोटू तं चांगला आला."

संध्याकाळी तुमचा फोन आला. "बेटा, दारूच्या बाटलीवर मी कसा काय?"

"मालकाने परस्पर टाकला, बाबा. मला माहीतच नव्हतं."

"अन् रसाची कंपनी?"

"आधी रसच होता. मग त्यांनी हे सुरू केलं."

माझा हुंदका तुम्हाला ऐकू गेला. मग म्हणालात, "तू रडू नोको. तुयाशी दगा झाला." मी खरंच रडत होते. पण तुम्ही समजलात त्या कारणासाठी नाही.

त्या रविवारी विहारात तुम्ही उभे राहिलात. माझं फळ दारूत गेलं, माझा चेहरा बाटलीवर आहे, मला माहीत नव्हतं, माझ्या पोरीलाही माहीत नव्हतं, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. "आता मी पुढं बसून शील देनं बरं नोहे." लोक नाही नाही म्हणाले. तुम्ही उठून सगळ्यात मागे, दाराजवळ जाऊन बसलात आणि दुसऱ्याच्या मागून पाचही शीलं म्हणालात. मरेपर्यंत तुमची जागा तीच राहिली. जांभळं त्यानंतर तुम्ही विकली नाहीत. पोरांना म्हणायचे, खा रे, घरी न्या. मालकांना मी सांगितलं की पीक बुडालं.

दोन वर्षांनी तुम्हाला कावीळ झाली आणि यकृत गेलं. गोंदियाच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर कागदावरून वर न बघता विचारतो, "बाबाजी, शराब कितने साल पी?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. तुमचे डोळे हळदीसारखे झालेत. तुम्ही म्हणता, "एक थेंब नाही, साहेब. फक्त फोटू हाय बाटलीवर." डॉक्टरला काही समजत नाही. तो पुढच्या पलंगाकडे जातो. मी तोंडाला ओढणी लावते, तेव्हा तुम्ही माझा हात ओढून घेता. "तू कायले रडतेस? तुले का माहीत होतं?"

तेव्हा बोलायचं होतं. वॉर्डात आपण दोघंच जागे होतो, दुपार होती, आई डबा आणायला गेली होती. मी म्हणाले, "पाणी देऊ का?" तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

काल हे सगळं लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवावं असं मनात आलं. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. शेजारीण आली होती, आणि आई तिला सांगत होती, "माह्या पोरीले फसवलं त्या लोकायनं, पण तिच्या बाबानं तिले एका शब्दानं दुखवलं नाही." मी दारातून मागे फिरले. कागद पिशवीत कपड्यांच्या खाली ठेवले. आज एवढं लिहायला पुन्हा काढलेत, उद्या ते माझ्याबरोबर नाशिकला परत जातील.

एक राहिलं. चव घेणं हे माझं काम, पण आम्ही घोट तोंडात फिरवून थुंकतो. तुमच्या जांभळांची पहिली टाकी तयार झाली त्या दिवशी मी थुंकले नाही. ती फार चांगली झाली होती, बाबा.