गोल फिरणारा ओढा

रिओ ब्रांको,
१२ जानेवारी

ति. बाबांस,
ग्लेसियानचा सा. न. वि. वि.

आईने ट्रकबरोबर पाठवलेलं कसाव्याचं पीठ पोचलं. इथल्या बाजारातल्या पिठाला भुसा म्हणायची तिची सवय मलाही लागली आहे.

आता कामाचं. जिथे जंगल तुटलं तिथे विमानातून मातीत खणलेली प्राचीन गोल कडी दिसली, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही ती संगणकाला दाखवतो. जमिनीचा उतार, पाणी, माती पाहून अजून उभ्या असलेल्या जंगलात अशी कडी कुठे असतील ते तो नकाशावर रंगवतो. जितका लाल रंग गडद, तितकी शक्यता जास्त. पहिला नकाशा फसला. त्याने सगळी कडी रस्त्यांच्या कडेला दाखवली, कारण आम्हाला सापडलेलीही तिथलीच होती. रस्ते वगळून पुन्हा केला.

नव्या नकाशावर सगळ्यात गडद ठिपका आपल्या परसात आहे. पणजोबांनी बोलिव्हियाच्या फौजेशी लढताना खणलेला खंदक आहे, बरोबर तिथे. तो युद्धाचा म्हणून मी संगणकाला दाखवलाच नव्हता. तरी त्याने तो शोधला.

खंदकाच्या तळातली थोडी माती हवी आहे. तिच्यातल्या कोळशावरून वय कळेल. तुमच्या होकाराशिवाय कोणी तिथे पाऊल टाकणार नाही. रागावू नका असं म्हणत नाही. उत्तर मात्र लिहा.

आपली,
ग्लेसियान


सांता लूझिया,
२५ जानेवारी

चि. ग्लेसीस,
देव तुझं भलं करो.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी लहानपणीही घरातल्या घड्याळाच्या चुका काढायची. मी म्हटलं, घड्याळाला आजोबा नव्हते.

तुझ्या यंत्राला विचार, त्याने या रानात कधी एक डास तरी मारलाय का. माझे आजोबा होनोराटो रबराचा चीक काढणारे. हातात बंदूक आली तेव्हा ती कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं. तो खंदक त्यांचा. दर सहा ऑगस्टला, ती लढाई पेटली त्या दिवशी, मी तिथे झेंडा लावतो तो काय उगाच?

आणि तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. गुरांच्या मालकाची माणसं आपल्याला हुसकायला आली होती. आपल्यापाशी जमिनीचा कागद नव्हता. मी त्यांना खंदकाच्या काठावर नेलं. म्हटलं, हे माझ्या आजोबांनी खणलं, आता बोला. ते गेले. आज तू लिहितेस की तो आपला नाहीच. मग मी त्या दिवशी कशावर उभा होतो?

माती मिळणार नाही. बाकी तब्येत जप. डबाबंद मासे खाऊ नकोस.

तुझा बाप,
वाल्देमिरो


रिओ ब्रांको,
८ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कागदाचं आधी सांगते. आपला राहण्याचा हक्क आता सरकारी कागदावर आहे आणि तो खंदकाच्या वयावर अवलंबून नाही. मी खात्री करून घेतली आहे.

माती पुन्हा मागत नाही. एकच विनंती आहे. खंदकातून उत्तरेला जो रुंद, सपाट पट्टा निघतो, जिथे आम्ही फुटबॉल खेळायचो, त्याची रेषा मी नकाशावर सरळ पुढे ओढली. ओढ्यापलीकडे, तुमच्या कास्तान्याच्या मोठ्या झाडांत, ती दुसऱ्या लाल ठिपक्यावर जाते. तिथे कधी कोणी लढलं नाही, असं तुम्हीच सांगता. तिथे जाऊन बघा. काही नसेल तर माझा नकाशा चुकला. मग तुमच्या खंदकाचं नावही पुन्हा काढणार नाही.

वारा असताना जाऊ नका. कास्तान्याची नारळाएवढी फळं गळायचे दिवस आहेत, एक जरी डोक्यात पडलं तरी संपलं. आईला नमस्कार.

आपली,
ग्लेसियान


सांता लूझिया,
२ मार्च

चि. ग्लेसीस,
अनेक आशीर्वाद.

तुला खोटं पाडायलाच गेलो होतो. आई म्हणाली, जाताय तर टोपली न्या, निदान फळं तरी आणाल.

काहीच नव्हतं. झाडं, वेली, आणि तो कोरडा ओढा. चाळीस वर्षं मी फळं वेचताना त्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. टोपली काठावर ठेवली, कोयता घेतला आणि म्हटलं, बघू हा जातो कुठे. तळातून चालू लागलो. काठ माझ्या डोक्याच्या वर. पाणी उताराकडे जातं, हा उतारालाही जाईना, चढालाही जाईना. नुसता वळत राहिला, हळूहळू, एकाच बाजूला. कास्तान्याचं एक झाड या ओढ्याच्या आतल्या काठावर वाढलंय, तिघांच्या कवेत मावणार नाही एवढं. म्हणजे हा त्याच्याही आधीचा. वेली तोडत चालत राहिलो आणि समोर काठावर टोपली दिसली. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी आपल्यासारखाच आलाय. माझीच होती.

ग्लेसी, ओढा गोल फिरत नाही.

तिथेच बसलो. ही कडी खणणाऱ्यांकडे लोखंड नव्हतं, तू मागे सांगितलं होतंस. मग हे काठ्यांनी खणलं? आणि तुझ्या फुटबॉलच्या पट्ट्याची ती वाट, इथेही निघालेली. रुंद, सरळ, थेट आपल्या घराकडे. लढणारा माणूस शत्रूसाठी एवढी वाट सोडत नाही. एवढी वाट पाहुण्यांसाठी असते. मला तिथे एकटं वाटेना. भीतीही वाटली नाही. फक्त टोपी काढून हातात धरली.

आजोबांचं मी माझ्याशी जुळवून घेतलंय. गोळ्या सुटल्या तेव्हा त्यांना खंदक तयार मिळाला. कोणाच्या तरी हाताने ते वाचले, म्हणून मी आहे. झेंडा लावीनच.

माती घे. पण आधी माझ्याबरोबर एकदा पूर्ण फेरा चाल. आई विचारते, येताना चांगली कॉफी आणशील का.

तुझा,
बाबा


रिओ ब्रांको,
११ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारच्या ट्रकने येते. कॉफी घेतली आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी काल काहीच काम केलं नाही. आज नकाशा उघडला आणि ती रेषा तुमच्या वर्तुळातून आणखी पुढे ओढली. तिसरा ठिपका आहे, बाबा. त्याच्या पलीकडे चौथा. मग कागद संपतो.

दोन कोयत्यांना धार लावून ठेवा.

आपली,
ग्लेसी