बाबांचं पस्तीस वर्षांचं नाक

ता. ४ मार्च

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धंदा जोरात आहे, दोन नवे फिटर ठेवलेस, हे वाचून बरं वाटलं. बापाच्या मागे मुलीने गॅसलाइनचं काम पुढे नेलं, हे मी येता-जाता सगळ्यांना सांगतो. ऐकून ऐकून लोक आता रस्ता बदलतात.

पण "घरातली लाइन तपासून घ्या" हे तुझं पालुपद आता चौथ्या पत्रात आलं. अगं, ही लाइन मी स्वतः टाकली आहे. मीटरपासून शेगडीपर्यंत सहा सांधे आणि सहाही माझ्या हातचे. ते तपासायला तू पाठवणार कोणाला, तर सावकाशला! माझ्या हाताखाली होता तेव्हा एक सांधा आवळायला अर्धा दिवस लावायचा, म्हणून मीच त्याचं ते नाव ठेवलं. आज त्याची स्वतःची गाडी आहे आणि गाडीवर त्याचा फोन नंबर आहे, म्हणून काय तो मला शिकवणार?

दाब मोजायचं गेज, साबणाचं पाणी ही नवशिक्यांची हत्यारं. मी पस्तीस वर्षं नाकावर धंदा केला. जिन्यात पाय ठेवला की कितव्या मजल्यावर गळतंय ते सांगायचो. अजूनही इमारतीतली अकरा बिऱ्हाडं मला महिन्यातून एकदा बोलावतात. मी स्वयंपाकघरात डोळे मिटून उभा राहतो, दोन श्वास घेतो आणि सांगतो, निर्धास्त असा. सगळं फुकट, फक्त चहा पाजतात.

बाकी क्षेम. परवा दूध आटून पातेलं काळंठिक्कर झालं. मी तिथेच टेबलाशी शब्दकोडं सोडवत होतो, त्यामुळे धूर दिसेपर्यंत लक्ष गेलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या शाळेच्या बाई धावत आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज अजून व्हायचा आहे. जिन्यापर्यंत जळका वास येतोय म्हणाल्या. वर फ्रिज उघडून उरलेलं दूधही नासलंय म्हणून ओतून दिलं. मी सकाळी तेच प्यायलो होतो, मला तर काही झालं नाही.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती काही पत्रावर अवलंबून नाही.

तुझा,
बाबा

———

ता. ११ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी हात जोडून एक विनंती. पाकिटावर "चि. छकुली" लिहीत जाऊ नका. पत्र दुकानात येतं. माझे फिटर खांद्यावर पाइप घेऊन उभे असतात आणि पोस्टमन मोठ्याने विचारतो, छकुली कोण? मी छत्तीस वर्षांची आहे, बाबा. परवापासून नवे फिटरसुद्धा हाताआड हसायला लागलेत.

या आठवड्यात एक नमुना भेटला. त्याने घरात नवं कपाट करून घेतलं, ते नेमकं मुख्य वॉल्व्हच्या पुढे, पक्कं भिंतीला ठोकून. मी म्हटलं, अडीअडचणीला गॅस बंद कसा करणार? तर म्हणे, सुतार जवळच राहतो. शेवटी कपाटाला खिडकी पाडून घेतली, तेव्हाच कामाला हात लावला. त्याच घरात गेज लावलं, तर काटा हळूहळू खाली. घरातली पाच माणसं एका सुरात म्हणाली, आम्हाला तर काहीच वास येत नाही. येणार कसा? महिनाभर त्या वासातच राहून त्यांची नाकं सरावली होती. काटा सरावत नाही, हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे कमालच.

सावकाश म्हणाला, सरांकडे दोनदा जाऊन आलो, सरांनी दारातूनच परत पाठवलं. एकदा तर तुम्ही घरात असून आतून "घरात कोणी नाही" असं ओरडलात म्हणे. बाबा, त्याला आत घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

हा पत्राचा कागद नवा आणलाय. कसा वाटला ते आठवणीने कळवा.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण जेवून रागवा.

आपली आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
मुलगी

———

ता. १७ मार्च

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद फार सुरेख. जाड, गुळगुळीत आणि त्याला तो मंद गुलाबाचा वास! पाकीट फोडताच घर दरवळलं. आवडीनिवडीत तू थेट तुझ्या आईवर गेलीस. पत्र मी तीन दिवस उशीखाली ठेवलं होतं.

इथल्या माणसांना मात्र रसिकता म्हणून नाही. पोस्टमनने पाकीट दोन बोटांत, हात लांब करून दिलं आणि जिना उतरताना रुमाल नाकाला लावला. त्याला सर्दी असावी. बाईंचं मांजर रोज माझ्या पलंगावर झोपतं, त्याने उशी उकरायचा सपाटा लावला. बाई आल्या त्या थेट खिडक्या उघडायला लागल्या आणि विचारू लागल्या, पलंगाखाली काही मेलंय का? शिकलेल्या बाईने असं बोलावं का?

त्यांचं हल्ली नवीनच सुरू झालंय. कालपासून म्हणतात, तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीमागे गॅसचा वास येतोय. मी त्यांच्यादेखत सहाही सांध्यांना नाक लावून पाहिलं. काही म्हणजे काही नाही. तसं त्यांना सांगितलंही, की बाई, तुमचं नाक खडूच्या धुळीत वाढलेलं, माझं या कामात मुरलेलं.  त्या चहा न घेता गेल्या, असं याआधी कधी झालं नव्हतं.

सावकाशला कळव, सर मजेत आहेत. तुझ्यावर जीव आहेच, तो असाच राहील.

तुझा,
बाबा

———

ता. २० मार्च, हस्ते सावकाश

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सावकाशच्या हाती देते आहे. तो दारात उभा आहे. "घरात कोणी नाही" म्हणू नका.

तुमचं पत्र वाचता वाचताच मी बाईंना फोन केला. तुम्हाला केला असता तर "पत्राने सविस्तर कळव" म्हणून ठेवून दिला असता. बाईंनी जिन्यातला मीटरचा वॉल्व्ह बंद केला, तुमच्या खिडक्या उघडल्या आणि तुम्हाला त्यांच्या घरी नेऊन बसवलं. शेगडी बिघडली असं मीच त्यांना सांगायला लावलं. खोटं बोलल्याबद्दल त्यांना बोल लावू नका. तुम्ही निर्धास्त शब्दकोडं सोडवत होतात तेव्हा तुमच्या ओट्यामागे गॅस साठत होता.

आता कागदाचं सांगते. त्याला गुलाबाचा वास नव्हता. तो कागद मी लसणाच्या रसाने पुसला आणि दोन दिवस मासळीच्या पिशवीत ठेवला. पोस्टात देताना खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जन्मात तिथे पुन्हा जाणार नाही. तुमचं करपलेलं पातेलं आणि नासलेलं दूध वाचून मला शंका आली होती. वाटलं, तुम्ही लिहाल, काय गं हे घाणेरडं! मला शिव्या द्याल. मी त्या शिव्यांची वाट पाहत होते, बाबा. तुम्ही गुलाब लिहिलंत. वाचून मी दुकानातच रडले आणि फिटर बिचारे पाइप घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

वास येत नाही यात लाज कसली? पण येतो असं तुम्ही अकरा घरांना सांगत आलात. तिथे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मला तुमचा राग येतो आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. आई गेली, आता तुम्हीही असे, एका सांध्यापायी गेलात तर मी हा धंदा कुठल्या तोंडाने करू?

सावकाशला आत घ्या. बाकीचं भांडण मी आल्यावर.

तुमचीच,
छकुली

———

ता. २३ मार्च

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सावकाशला आत घेतलं. त्याने बूट दाराबाहेर काढले, मला वाकून नमस्कार केला आणि मग लाइनला गेज लावलं. मी घड्याळ धरून बसलो. चार मिनिटांत काटा घसरला. मी म्हटलं, तुझं गेज बिघडलंय. त्याने दुसरं काढलं. तेही घसरलं. गाडीतून तिसरं आणायला निघाला तेव्हा मीच म्हटलं, राहू दे.

मग तो साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन ओट्याखाली शिरला. पाच सांधे कोरडे ठाक निघाले. शेगडीमागच्या सहाव्याला ब्रश लावताच बुडबुडे उठले, चांगले टपोरे, एकामागून एक. तो सांधा मी कधी बसवला ते मला पक्कं आठवतं. तुझा शाळेचा पहिला दिवस होता, तू रडत होतीस, आई हाका मारत होती आणि मी घाईघाईने आवळला. इतकी वर्षं तग धरला, हेच नशीब.  सावकाशने सांधा सोडवला, आटे घासून साफ केले, नवा बसवला, पुन्हा गेज लावलं आणि काटा हलत नाही हे मला दाखवून कागदावर माझी सही घेतली. एका सांध्याला सव्वा तास लावला. मी एकदाही घड्याळ दाखवलं नाही.

काल सावकाशला घेऊन, नाक मुठीत धरून अकरा दारं हिंडलो. प्रत्येक दारात सांगितलं, मला वास येत नाही, वर्ष-दीड वर्ष येत नाही, मी तुम्हाला फसवलं, आता हा तपासेल. मला वाटलं होतं, कोणी अंगावर येईल. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी आला. काय वाटेल ते बोलला, मी ऐकून घेतलं. तिथल्याच शेगडीची नळी चिरलेली निघाली. छकुले, त्याची नात त्या खोलीत झोपते. ती नळी बदलून होईपर्यंत मी त्या दारातून हललो नाही. बाईंकडे सगळ्यात शेवटी गेलो. त्या म्हणाल्या, चूक कबूल केलीत, आता पुन्हा करू नका. मला कोपऱ्यात उभं केल्यासारखं वाटलं.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. मला माहीत होतं. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. गेली नाही. मग रोज सकाळी साबण नाकाशी धरून पाहायचो. कोणाला सांगितलं नाही, कारण लोक मला ओळखतात ते याच नाकाने. ते गेलं म्हटल्यावर मागे उरतो तो पाना हातात धरलेला एक म्हातारा, त्याला चहाला कोण बोलावणार? हा मूर्खपणा आहे, हे आता कळतंय.

आता एक काम. आई गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी तिचं कपाट उघडलं आणि तिच्या कपड्यांना तिचा वास नव्हता. मी समजलो, तुझ्या आत्याने मला न विचारता सगळं धुऊन टाकलं. तिला नाही नाही ते बोललो. ती शपथेवर सांगत होती, मी हातसुद्धा लावला नाही, आणि मी तिला खोटारडी म्हणालो. ते कपाट मी त्या दिवशी बंद केलं ते अजून बंदच आहे. सावकाश गेल्यावर हिशेब करत बसलो. सर्दी त्याच हिवाळ्यातली.

आत्याला काल माफीचं पत्र टाकलं. तू रविवारी ये. सामान खाली ठेवायच्या आधी ते कपाट उघड, आत डोकं घाल आणि मला सांग. माझ्या समाधानासाठी काही बोलू नकोस. जे असेल तेच सांग.

तुझी वाट पाहणारा,
बाबा