आरशावरची धूळ

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारी पुन्हा दम लागला. दवाखान्यात वाफ घेतली. शिवप्रसादचा पुण्याहून फोन. म्हणाला, आई, आणखी एकदा ॲडमिट झालीस की धाराशिवचं घर बंद, तू आमच्याकडे. मुलगा चौदाव्या मजल्यावर मला कुंडीसारखी ठेवणार. जमणार नाही. मुख्याध्यापिका होते मी. दम्याचा बंदोबस्त मीच करीन.

४ नोव्हेंबर
दुपारभर वाचन. ॲलर्जीच्या दम्यात शास्त्रज्ञ नवीन 'टार्गेट' शोधतायत. म्हणजे शरीरातला असा रेणू, की त्याला गप्प केलं की श्वासनळीतला दंगा थांबतो. काही सापडलेत, पण सगळ्यांना लागू पडत नाहीत. सोलापूरच्या एका हॉस्पिटलात नव्या इंजेक्शनची चाचणी आहे, पेशंट हवेत. अर्ज केला. बी.एस्सी. झूऑलॉजी, प्रथम श्रेणी, हे ठळक लिहिलं. त्यांनाही आधार वाटेल.

७ नोव्हेंबर
रेणू त्यांनी शोधावा, ॲलर्जी कशाची ते मी शोधते. काम वाटून घेतलेलं बरं. त्यांना अजून कळवलेलं नाही.

संध्याकाळी: सापडलं! बेसिनवरच्या आरशावर बारीक पांढरी धूळ. रोज पुसते, रोज येते. उगम उघड आहे: शेजारच्या बसप्पाची पिठाची गिरणी.

८ नोव्हेंबर
बसप्पाला समज दिली. म्हणतो, "बाई, गिरणी माझ्या बापापासनं हाय. तुमचा दमा कालचा." माझ्याच वर्गात होता. तेव्हाही असाच होता.

११ नोव्हेंबर
तक्रार करीन म्हटल्यावर गिरणी बंद. गल्लीतली गंगम्मा दळायचा ज्वारीचा डबा घेऊन थेट माझ्या दारात. "बाई, तुमच्या दम्यापायी आमी काय नुसता भात खावं व्हय?" विज्ञानाला विरोध होतोच.

१४ नोव्हेंबर
गिरणी बंद, आरशावर धूळ आहेच. म्हणजे चोरून दळतो. जिना चढताना मध्येच बसावं लागलं. पायऱ्या उंच बांधल्यात.

१८ नोव्हेंबर
सोलापूरहून बोलावणं! अट एकच: नेहमीचं औषध नियमित आणि नीट घेऊनही त्रास होत असला पाहिजे. एक दिवस चुकलेलं नाही. रोज बेसिनपाशी ताठ उभी राहून घेते. त्यासोबतचा सूचनांचा कागद वाचला नाही. आयुष्यभर सूचना दिल्या, घेतल्या नाहीत.

२० नोव्हेंबर
सोलापूर. सून सोनाली सोबतीला आली, म्हणजे पाळत ठेवायला. धुळीचा नमुना डबीत नेला होता. डॉक्टर अगदीच पोरसवदा. म्हणाले, औषध घेऊन दाखवा. यंत्रात कॅप्सूल घातली, फिरवली, तोंडाला लावलं आणि छाती भरून फुंकलं. पांढरी पावडर त्यांच्या काळ्या टेबलावर, चष्म्यावर.

"हीच ती धूळ!" मी म्हणाले.

सोनाली खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, हे आत ओढायचं असतं." मी समजावलं, दम्यात हवा आत अडकते, ती बाहेर काढायला हवी. शास्त्र आहे. ते म्हणाले, "तुमच्या छातीत अजून औषध गेलंच नाही. नवं टार्गेट राहू द्या, आधी जुनं औषध तर घ्या." चाचणीसाठी अपात्र. डबी उघडूनही बघितली नाही.

२२ नोव्हेंबर
शिवप्रसादचा निकाल: पुणं महिनाभर लांबणीवर. अट अशी की रोज सकाळी कुणीतरी समोर उभं राहून मला औषध घ्यायला लावायचं. माणूस सोनालीनं परस्पर ठरवला. शेजारी तिला दुसरं कुणी दिसलं नाही.

५ डिसेंबर
जिना न थांबता चढले. हवामान सुधारलंय.

गिरणी पुन्हा सुरू झालीय. बसप्पा ती उघडायच्या आधी येतो. हात पाठीमागे बांधून उभा राहतो. "बाई, फुंकू नका. आत. आत. न्हाय, पुन्हा." आज "शाब्बास" म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. औषध ओढल्यावर श्वास रोखून धरायचा असतो.