कंपूची नोंद

ती. बाबा,

नमस्कार. नोकरी शाबूत आहे हे आधीच सांगते, म्हणजे आई पुढचं नीट ऐकेल.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत दर शुक्रवारी संपादक आणि त्यांचे कविमित्र एकमेकांच्या कविता ऐकून माना डोलावतात. गेल्या खेपेस मी शेजारच्या टंकलेखिकाताईंना म्हणाले, "बसला वाटतं कंपू." वळून पाहते तर मागे संपादक उभे. तीन दिवस जिवात जीव नव्हता.

आज त्यांनी बोलावलं. "कंपू म्हणजे काय हो?"

मी धीर करून सांगितलं, "मूळ शब्द परक्या भाषेतला. आधी फौजेचा तळ, मग कवायती फौज. आता आपसांतच वाहवा करणाऱ्या लेखकांनाही म्हणतात."

त्यांनी कोश उघडून पाहिला. मग म्हणाले, "हा शेवटचा अर्थ आपल्या कोशात नाही. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कुणी बोललंच नाही. नोंद तुम्हीच लिहा."

बाबा, मी ती लिहिली. नव्या आवृत्तीत छापणार आहेत.

तुमचा खोकला खरंच थांबलाय, की आईने तसं लिहायला सांगितलं? मी काही लपवलं नाही, तुम्हीही लपवू नका.

तुमची,
धाकटी