कुणाचीही खुर्ची काढायची नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, पूर्वीचा धंदा खुर्च्या तयार करणे, बाजारात ‘खुर्चीवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण मृत्युपत्र गुडघ्याने लिहीत नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ‘आई हल्ली विसरते’ असे माझा थोरला मुलगा चारचौघांत सांगत असतो. मी काय काय विसरलेले नाही, ते त्याला पुढे वाचायला मिळेल. गेल्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये असताना त्याने टाइप करून आणलेल्या व मी न वाचता सही केलेल्या मृत्युपत्राला आता काडीची किंमत नाही. ते मी रद्द करते.

कलम पहिले. माझे यजमान गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा खुर्च्यांचा कारखाना होता. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. रंधा ठेवा खाली आणि जागा विका.” रंधा मी खाली ठेवला, पण छत्तीस वर्षांनी, हात थरथरायला लागल्यावर. माझ्या हातचे पहिले स्टूल एका पायाने आखूड झाले होते. भावजी त्यावर बसून डुलले आणि गल्लीला ऐकू जाईल असे हसले. ते स्टूल मी जपून ठेवले आहे. ते भावजींना द्यावे. त्रेचाळीस वर्षे झाली, अजून मोडलेले नाही.

कलम दुसरे, टेबलाबद्दल. दरवर्षी शरदात शाळांना दहा दिवस सुट्टी लागते, अंगणात पानांचा खच पडतो आणि आमचे सगळे गणगोत या घरात येऊन पडते. यजमानांनी केलेले टेबल सहा जणांचे होते. माणसे वाढली तशी मी त्याला फळ्या जोडत गेले, आता एकोणीस जण बसतात. शेवटची जोडणी मी खोलीतच केली, सरस लावून, स्क्रू पिळून, पक्की. मग लक्षात आले की टेबल आता दारातूनही निघत नाही आणि खिडकीतूनही नाही. लाकडात जन्म घालवलेल्या बाईने दार मोजले नाही! यावर तुम्ही इतकी वर्षे हसत आलात, मीही हसले. गेल्या उन्हाळ्यात मात्र थोरला एका दलालाला घेऊन आला. दलालाने खोली पावलांनी मोजली आणि म्हणाला, “घर रिकामं द्यायचं तर हे कापावं लागेल.”

“आधी मला कापा,” मी म्हटले. तेच येथे लेखी देते. टेबल कापायचे नाही.

कलम तिसरे. या घराचा एक नियम आहे. जन्माने किंवा लग्नाने जो कुणी घरात येईल, त्याची खुर्ची त्याच्या पहिल्या शरदाच्या सुट्टीपर्यंत तयार असते, आणि एकदा टेबलाला लागलेली खुर्ची पुन्हा निघत नाही. यजमानांचीही निघालेली नाही. न बोलावता आलेला माणूस तिच्यावर बसतो. पोस्टमन बसून गेला, मीटर बघायला आलेला बसून गेला.

तरीही गेल्या वर्षी एक खुर्ची निघाली. माझ्या धाकट्या मुलाचा घटस्फोट होऊन तीन वर्षे झाली होती. दोघांचे पटले नाही, त्याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. धाकट्या सुनेला मी तेव्हाच कळवले होते, “घटस्फोट तुझा त्याच्याशी झालाय, माझ्याशी नाही. सुट्टीला यायचं.” ती नातीला घेऊन येत राहिली. गेल्या वर्षीही पाच तासांचा प्रवास करून आली. मी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिने टेबलापाशी येऊन पाहिले तर अठराच खुर्च्या. माझ्याजवळ आली, प्लास्टरवर हात ठेवला, म्हणाली, “येते आई, गाडीची वेळ झाली.” पोरीला ठेवून, पाणीही न पिता, आल्या पावली परत गेली. मला वाटले, तिला काम असेल. संध्याकाळी थोरली सून रडतच आली. “आई, ह्यांनी तिची खुर्ची माळ्यावर टाकलीय.”

थोरल्याला बोलावले.

“खुर्ची का काढलीस रे?”

“धाकट्याला अवघडल्यासारखं होतं, आई. आणि ती आता आपली कोण लागते?”

“लग्नाच्या आदल्या दिवशी तुझी बायको आपली कोण लागत होती?”

“तू उगाच ताणतेस.”

“ताणते. तुटलं तर सरस आहे माझ्याकडे.”

धाकटा तेथेच होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. त्याचा मला थोरल्यापेक्षा जास्त राग आला. अजून गेलेला नाही.

कलम चौथे. यंदा थोरल्याने तळ्याकाठच्या हॉटेलात खोल्या घेतल्या आहेत. म्हणे, “तुला दगदग नको.” धाकट्या सुनेसाठी खोली नाही. मी जाणार नाही. ज्याला माझ्याबरोबर सुट्टी घालवायची असेल त्याने घरी यावे, टेबल येथे आहे.

कलम पाचवे. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. त्यावर भांडू नये, भांडण्याजोगी ती नाही.

कलम सहावे. रंधे, करवती, पटाश्या, गुण्या ही सगळी हत्यारे थोरल्या सुनेला. कपाटाची बिजागरी तिने मला न विचारता बसवली आणि ती आजवर कुरकुरलेली नाही. नवऱ्याविरुद्ध खरे बोलायला जेवढा सरळ हात लागतो, तेवढा तिच्याकडे आहे. यंदा जन्मलेल्या पणतूची विसावी खुर्ची, रंधा पुन्हा हातात घेऊनही, माझ्याकडून अर्धीच झाली आहे. ती तिने पुरी करावी.

कलम सातवे. राहते घर, मागच्या कारखान्यासह व न निघणाऱ्या टेबलासह, मी माझ्या धाकट्या सुनेला देते. होय, सुनेलाच. मी हा शब्द खोडणार नाही. ‘तिने आईला फूस लावली’ असे थोरला म्हणेल. तिला यातले काही माहीत नाही. अकरा वर्षे ती या घरात आली की चहाच्या आधी फडके घेऊन टेबलाला तेल लावायची. कुणी सांगितले नव्हते. माझ्या पोटच्या पोरांना तेलाची बाटली कोठे असते हेही ठाऊक नाही. बाई, तू नको म्हणशील, मला माहीत आहे. नको म्हणू नकोस. अट एकच, शरदाचे दहा दिवस दार सगळ्यांना उघडे ठेवायचे.

थोरल्या, तुझी खुर्ची आहे तेथेच राहील, माझ्या उजव्या हाताला. एक दिवस तू त्या दारात उभा राहशील आणि धाकटी सून तुला ‘बसा’ म्हणेल. तुझी मला खात्री नाही, तिची आहे.

हे मृत्युपत्र बाईंनी आम्हा दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले व आमच्यासमक्ष सही केली. त्याआधी त्या आमचे न ऐकता स्वतः माळ्यावर चढल्या. उतरताना एकेक पायरी बसत उतरल्या. खुर्ची आम्ही धरली होती.

साक्षीदार : शेजारच्या निवृत्त नर्सबाई (सही)
साक्षीदार : कोपऱ्यावरचे घड्याळ दुरुस्तीवाले (सही)

सही : खुर्चीवाल्या बाई

दिनांक : शरदाच्या सुट्टीचा आदला दिवस, दुपारी

स्थळ : माझे घर, जेवणाचे टेबल, धाकट्या सुनेची खुर्ची